वाइनच्या यादीचा न्याय

फादरांनी वाइनच्या यादीवर लेख लिहावा का, असे कुणी विचारले तर मला राग येणार नाही. दारूने आपल्या गावातली किती घरे मोडली हे मिस्सानंतर भेटायला येणाऱ्या भगिनींकडून मी ऐकत असतो. तेव्हा आज मी पिण्याची शिफारस करायला बसलेलो नाही. मला सांगायचे आहे ते एका निवाड्याबद्दल. तो मी केला, आणि तो चुकला.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी महिनाभर इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात होतो. तिथले धर्मगुरू रजेवर गेले की त्यांच्या जागी कधी कधी आपल्यासारख्या दूरच्या धर्मगुरूंना बोलावतात. माझे गाव आस्ती शहराजवळ होते. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिथले एक वयस्कर जोडपे मला जेवायला घेऊन गेले. आठ-दहा टेबलांची घरगुती खाणावळ. सत्तरीच्या मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. त्यांनी वाइनची यादी माझ्या हातात दिली. एकच कागद, पाठपोट लिहिलेला. सगळ्या वाइन्स आसपासच्या टेकड्यांवरच्या. बार्बेरा, ग्रिन्योलिनो, फ्रेइझा, रुके अशी मी कधी न ऐकलेली नावे. फ्रान्सची एकही नाही. जिचे नाव मला ठाऊक होते ती बारोलो अगदी तळाशी, तीही दोनच.

येताना विमानातल्या एका मासिकात मी वाचले होते की मोठ्या रेस्टॉरंटची यादी पुस्तकाएवढी जाड असते. ते डोक्यात होते. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी म्हणालो, “बस, एवढीच?” बाई काही बोलल्या नाहीत. माझ्या यजमानांनी मात्र मान खाली घातली.

प्रिय बंधुभगिनींनो, अशी घाई एकट्या माझ्या हातून झाली असे नाही. २००८ साली रॉबिन गोल्डस्टीन नावाच्या एका अमेरिकन लेखकाने एक प्रयोग केला. मिलान शहरात ‘ऑस्तेरिया लिंत्रेपिदो’ नावाचे रेस्टॉरंट आहे असे त्याने भासवले. त्याची वाइनची यादी तयार केली आणि प्रवेश शुल्क भरून ती ‘वाइन स्पेक्टेटर’ या नामांकित मासिकाच्या पुरस्कारासाठी पाठवली. यादीतल्या खास म्हणून दाखवलेल्या महागड्या वाइन्स त्याने मुद्दाम अशा निवडल्या होत्या की ज्यांना त्याच मासिकाने पूर्वी कमी गुण दिले होते. यादीला पुरस्कार मिळाला. रेस्टॉरंट मात्र कुठेच नव्हते!

ही गोष्ट सांगून हसणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मासिकाचे म्हणणे असे होते की आम्ही फोन केला होता, तो यंत्राने उचलला, संकेतस्थळही पाहिले, आणि यादीतल्या बऱ्याच वाइन्स चांगल्या होत्या. एवढे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. कागद तपासला गेला, पण त्या टेबलावर कुणी बसले नाही. मी तर टेबलावर बसलो होतो, आणि तरीही कागदच पाहत होतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. निवाडा योग्य ठरायला तीन गोष्टी लागतात. तो न्यायबुद्धीतून यावा, करणाऱ्याला तसा अधिकार असावा, आणि तो विवेकाने केलेला असावा. पहिली गोष्ट नसेल तर निवाडा अन्यायाचा होतो, दुसरी नसेल तर तो बळकावलेला असतो, आणि तिसरी नसेल तर तो उतावळा ठरतो. परीक्षेत मला यावर चांगले गुण मिळाले होते. त्या खाणावळीत मी नापास झालो.

कारण ती यादी कशासाठी आहे हेच मी विचारले नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्याला शिकवले की वस्तूचे कार्य काय हे कळल्याशिवाय तिचा चांगलेपणा ठरवता येत नाही. वाइनच्या यादीचे कार्य पाहुण्याला दिपवणे हे नाही. समोर जे जेवण येणार आहे त्याला साथ देणे आणि जेवणाऱ्याला त्याच्या ऐपतीत तृप्त करणे हे तिचे काम.

त्या दिवशी बाईंनी यादी माझ्या हातून परत घेतली आणि दोनच प्रश्न विचारले: काय जेवणार? आणि गाडी कोण चालवणार? मग मांसाचे सारण भरलेले कणकेचे छोटे चौकोन आले, लोण्यात परतलेले. त्यांना आन्योलोत्ती म्हणतात. सोबत बार्बेराचा अर्ध्या लिटरचा जग. बार्बेरात आंबटपणा भरपूर असतो. मटणाच्या रश्श्यावर आपण लिंबू पिळतो, तसे काम तो आंबटपणा करतो. तोंडातला तेलकटपणा धुऊन निघतो. बारोलो ही नेब्बियोलो द्राक्षाची वाइन. कायद्याने ती विक्रीपूर्वी निदान ३८ महिने मुरवावी लागते. अशी भारदस्त वाइन त्या दुपारच्या जेवणाला जड झाली असती. ती तळाशी का होती हे मला जेवताना कळले.

मग मला आणखी गोष्टी दिसू लागल्या. प्रत्येक वाइनपुढे मळेवाल्याचे नाव, गाव आणि द्राक्षे तोडल्याचे साल लिहिलेले होते. ही सजावट नाही. १९८६ साली इटलीत मिथेनॉल मिसळलेली स्वस्त वाइन पिऊन वीसहून अधिक माणसे दगावली. ते विष याच पिएमोन्ते प्रांतातून बाजारात गेले होते. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराहून अधिक गरीब माणसे गेली, तीही मिथेनॉलनेच. जिथे बनवणाऱ्याचे नाव नसते, तिथे जबाबदार कुणीच नसते. खरे नाव लिहिणे हा यादीचा पहिला धर्म आहे.

दुसरा धर्म दराचा. रेस्टॉरंटमध्ये बाटली दुकानातल्या भावाच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळणे ही जगभरची रीत आहे. त्या यादीत मात्र अगदी वरची ओळ घरच्या साध्या वाइनची होती, पाव लिटर, अर्धा लिटर, कुणालाही परवडेल अशी. शेजारच्या टेबलावर एक गवंडीकाम करणारे गृहस्थ पाव लिटर घेऊन बसले होते. पलीकडे एक आजोबा नुसते पाणी पीत होते. दोघांच्या टेबलापाशी बाई सारख्याच थांबत होत्या. महागडी बाटली न मागवणाऱ्याला जी यादी ओशाळे करते, ती कितीही जाड असली तरी माझ्या मते वाईटच.

शेवटी बाईंनी रुकेचा एक छोटा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “हा तुमच्याच माणसाचा आहे, फादर.” गोष्ट अशी. जवळच्या कास्तान्योले मोन्फेर्रातो गावी डॉन जाकोमो काउदा नावाचे धर्मगुरू होते. १९६० च्या दशकात ते त्या धर्मग्रामात आले तेव्हा रुकेचे द्राक्ष जवळजवळ विस्मरणात गेले होते. चर्चच्या जमिनीवर या जुन्या वेली उरल्या होत्या. त्यांनी त्या जोपासल्या आणि वाइन करून बाटल्यांत भरली. हळूहळू शेजारच्या शेतकऱ्यांनीही लागवड केली. १९८७ साली रुकेला सरकारी मान्यता मिळाली आणि २०१० साली सर्वोच्च दर्जा. तो मळा आजही ‘धर्मगुरूंचा मळा’ म्हणून ओळखला जातो. ज्या ओळीवरून माझी नजर नुसती घसरली होती, तिच्यात एका धर्मगुरूची कित्येक वर्षांची मेहनत होती. आणि मी म्हणालो होतो, “बस, एवढीच?”

याचा अर्थ लहान यादी आपोआप चांगली, असे नाही. आळसानेही यादी लहान राहते. जाड यादीमागे एखाद्याचे आयुष्यभराचे कष्ट असू शकतात. ‘आमच्या मातीतले’ म्हणून खराब माल खपवणारेही असतात. माप एकच: ही यादी कुणाची सेवा करते आणि खरे बोलते का?

कुणी म्हणेल, फादर, शेवटी हा चवीचा प्रश्न. ज्याची त्याची आवड. तत्त्वज्ञ कांटनेही वाइनचेच उदाहरण देऊन सांगितले की ‘मला आवडते’ एवढेच इथे म्हणता येते. पण त्याच्या आधी, १७५७ साली, ह्यूमने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट वापरली. दोघांनी एका पिंपातली वाइन चाखली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, नाही, लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली! आवड ज्याची त्याची असते, पण किल्ली खरी असते. म्हणून ‘मला आवडले नाही’ म्हणायला आपण मोकळे आहोत. ‘हे वाईट आहे’ म्हणण्याआधी मात्र पिंपाच्या तळापर्यंत जावे लागते.

वेदीवरच्या द्राक्षारसाबद्दल ख्रिस्तसभेचा नियम किती साधा आहे पाहा. तो द्राक्षांचा, नैसर्गिक असावा आणि नासलेला नसावा. नाव, साल, किंमत यांचा उल्लेखही नाही. काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने वाइन चाखली आणि ती उत्तम असल्याचे सांगितले. त्याचा निवाडा बरोबर होता. पण ती कुठून आली हे त्याला ठाऊक नव्हते; रांजण भरणाऱ्या नोकरांना ठाऊक होते.

महिना संपताना शेवटच्या रविवारी मी पुन्हा त्या खाणावळीत गेलो आणि बाईंची माफी मागितली. त्यांनी हसून तोच कागद पुढे केला. या वेळी मी वरून खाली एकेका नावाबद्दल विचारत गेलो. हा कोण, ती टेकडी कुठली, या साली पाऊस कसा होता. एक पान वाचायला पाऊण तास लागला.

आपल्यापुढेही रोज अशी पाने येतात. नव्या सुनेचा स्वयंपाक, शेजाऱ्याच्या लग्नातले जेवण, पगार कमी असलेला जावई, आणि हो, तुमच्या फादरांचे प्रवचनसुद्धा. ज्या मापाने आपण मोजतो त्याच मापाने आपल्याला मोजले जाणार आहे, हे आपण जाणतोच. या आठवड्यात ‘बस, एवढेच?’ हे शब्द ओठांवर आले, तर थोडे थांबू या आणि एक ओळ तरी नीट वाचू या.

– आपला प्रमुख धर्मगुरू