ओल झाकून घर विकतोस?

फोनवर उत्तर दिलं नाही, कारण फोनवर तू 'हो सर, हो सर' म्हणतोस आणि मग मनातलंच करतोस. दहावीतही तुझं हेच होतं. म्हणून लिहून देतोय. शेवटपर्यंत वाच आणि मगच त्या डेकोरेटरला काय ते सांग.

विकण्याआधी घर सजवून घ्यावं का, एवढाच तुझा प्रश्न. सोबत अंदाजपत्रक जोडलंयस. पुढच्या खोलीत भाड्याचा सोफा आणि काचेचा टीपॉय. ओसरीच्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल. माजघराला पीओपीचं छत आणि त्यात दिवे. स्वयंपाकघराला नवा रंग, दोन कुंड्या, एक मोठा आरसा. रक्कम दोन लाखांच्या वर. आणि सगळ्यात खाली, किरकोळ बाब असावी तसं एक वाक्य: 'आईला दोन महिने ताईकडे परतूरला पाठवतो, म्हणजे घर मोकळं दिसेल.'

मी आधी त्या वाक्याचंच बोलणार आहे.

आई काय अडगळ आहे? तिची खाट फोटोत बरी दिसत नाही, देवघराचा कोपरा काजळलाय, वडिलांच्या हार घातलेल्या फोटोमुळे गिऱ्हाईक बिचकतं, असं तुला कुणीतरी सांगितलं आणि तू मान डोलावलीस. आईला विचारलंस का, की बाई, तुझं घर विकायचं आहे, तुला पटतं का? नाही विचारलंस. मला माहीत आहे, कारण काल तिनेच मला विचारलं, 'गुरुजी, पोरगं भिंती का मोजून गेलं?' घरात राहणाऱ्या बाईला घर विकायला काढल्याचं माहीत नाही आणि तू सोफ्याचा रंग निवडतोयस!

आता कायद्याचं ऐक. वडिलांनी मोंढ्यात मुनीम म्हणून उभी हयात काढून जुना जालन्यातलं हे घर स्वतःच्या कमाईवर घेतलं. मृत्युपत्र केलं नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. त्यानुसार अशा मिळकतीत बायको, मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा. म्हणजे एक तृतीयांश आईचा, एक तृतीयांश ताईचा आणि उरलेला तुझा. लग्न होऊन परतूरला गेली म्हणून ताईचा हिस्सा कुठे गेला नाही. मालमत्ता पत्रकावर अजून वडिलांचंच नाव आहे, नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्जही तू केलेला नाहीस. 'ताई कुठे नाही म्हणणार आहे?' असं तू म्हणशील. ती नाही म्हणणार नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच तिला आधी विचारायला हवं होतं. जी बहीण हट्ट करणार नाही तिला गृहीत धरायचं, ही रीत मी तुला शिकवली नव्हती.

तेव्हा सजवू की नको हा प्रश्न आज तुझ्या हातातच नाही. जे घर तू एकटा विकू शकत नाहीस ते तू सजवायला काय निघालास?

'पुण्यात सगळे करतात' म्हणालास. हे होम स्टेजिंगचं खूळ मुळात पुण्याचंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी १९७२ च्या सुमारास त्याला व्यवसायाचं रूप दिलं असं मानतात. तिथल्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा खरेदीदारांच्या वतीने काम करणाऱ्या दलालांपैकी ८१ टक्क्यांनी सांगितलं की, सजवलेलं घर पाहताना गिऱ्हाइकाला तिथे स्वतःचा संसार डोळ्यांपुढे आणणं सोपं जातं. आकडा खरा आहे. पण उत्तर कुणी दिलं? ज्यांचं पोट सौद्यावर चालतं त्यांनी. आणि दुसरी गोष्ट तुला कुणी सांगितलीच नाही. तिथे सजावट बघून भुललेलं गिऱ्हाईकसुद्धा सही करण्याआधी बहुतेक वेळा पैसे देऊन तपासनीस आणतं. तो छतावर चढतो, मोरीखाली वाकतो, ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावतो. त्यांच्याकडे सोफ्यामागोमाग तपासनीस येतो. तू सोफा तेवढा उचललास.

पुण्यात सगळे करतात ते सॅम्पल फ्लॅटचं. ते तर तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तू फ्लॅट घेतलास तेव्हा सॅम्पल फ्लॅटमधला पलंग बघून भाळलास. तो पलंग आखूड करवून घेतलेला होता, आतल्या खोल्यांना दारंच बसवली नव्हती आणि एक अख्खी भिंत आरशाची होती, हे तुला ताबा मिळाल्यावर उमगलं. तेव्हा रात्री साडेदहाला मला फोन करून चडफडत होतास, 'सर, शुद्ध फसवणूक आहे ही.' तेव्हा मी तुला रेरा कायद्याचं बारावं कलम वाचायला सांगितलं होतं. जाहिरात किंवा नमुन्याचा फ्लॅट पाहून कुणी पैसे भरले आणि त्यातल्या खोट्या माहितीमुळे त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. गिऱ्हाइकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत करायचे. २०१६ चा कायदा. तो बिल्डरला लागतो, तुझ्यासारख्या एकट्यादुकट्या विकणाऱ्याला लागत नाही. म्हणून तू आरसा लावणार? त्या रात्री ज्याला शिव्या देत होतास, त्याचीच विद्या आज परतूर-मंठ्याच्या एखाद्या शेतकऱ्यावर चालवणार?

आणि तुला लागणारा कायदा वेगळा आहे. तो १८८२ पासून आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. मिळकतीतला किंवा मालकीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. दडवला तर ती लबाडी धरली जाते. आता तुझ्या अंदाजपत्रकातली दुसरी ओळ परत वाच. ओसरीच्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल.

ती भिंत मी काल जाऊन पाहिली. पश्चिमेच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलीय. बोटाने दाबलं की गिलावा भुसभुशीत होऊन हातात येतो आणि पांढरा लोणा नखांत राहतो. मागून जाऊन पाहिलं तर न्हाणीच्या मोरीचा पाइप सांध्यात निखळलाय आणि सगळं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरतंय. मातीच्या भिंतीवर मागे कुणीतरी सिमेंट फासलंय. त्यामुळे ओलीला बाहेर पडायला वाट नाही, ती वर वर चढतेय. दुखणं एवढंच आहे. प्लंबरचं एका दिवसाचं काम, मग सिमेंट खरवडून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायची, आणि वाळली की चुन्याचा गिलावा. ते सोडून तू प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकणार. त्यांच्यामागे भिंत कुजत राहील, वाळवी शिरेल आणि दुसऱ्या पावसाळ्यात नवा मालक पॅनेल उचकटेल. त्याला कळेल की हे मुनीमजींच्या पोराने जाणूनबुजून केलं. मोंढ्यात तुझ्या वडिलांच्या तोंडी हिशेबावर व्यापारी पैसे सोडायचे. ते नाव तू एका पॅनेलखाली गाडायला निघालास.

मागच्या खोलीचंही तेच. तिथे स्लॅबच्या खालच्या अंगाला सळई गंजून फुगलीय आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटलाय. त्यावर पुट्टी मारून रंग काढायचा तुझा बेत दिसतो. अरे, हे जालना आहे! अर्ध्या गावाचं पोट सळईच्या कारखान्यांवर चालतं. तुझं घर बघायला येणाऱ्या चौघांपैकी एखादा रोलिंग मिलमधला निघेल. तो मान वर करेल आणि रंगाखालचा फुगवटा ओळखेल. मग तुझ्या खऱ्या बोलण्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही.

बैलबाजारात शिंगं साळून, रंगवून, तेल लावून आणलेल्या बैलासमोर गिऱ्हाईक किती वेळ उभं राहतं? ते सरळ जबडा उघडतं आणि दात बघतं. आपल्याकडचं घराचं गिऱ्हाईकही तसंच आहे. एकटं येत नाही. आज चुलत्याला आणील, परवा ओळखीच्या गवंड्याला. पहिला प्रश्न पाण्याचा. घाणेवाडीचं की जायकवाडीचं, नळ किती दिवसांनी येतो, बोअर आहे का, किती फुटांवर पाणी लागलं, मे महिन्यात टिकतं का. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे घागरी घेऊन धावलेलं गाव आहे हे. त्याला टीपॉय दाखवून पाणी विसरायला लावता येत नाही. मग रस्ता किती फुटी, गाडी दारापर्यंत येते का, चतुःसीमा काय, घरपट्टी भरलीय का, कर्ज होईल का. कर्ज करायचं म्हटलं की बँकेचा वकील जुन्या दस्तांचा शोध घेतो आणि व्हॅल्युअर टेप लावून जागा आणि बांधकाम मोजतो. सोफा त्या दोघांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

सगळ्यात मोठा अडाणीपणा अजून सांगायचा राहिलाय. माजघराला पीओपीचं छत! तिथे वर काय आहे हे तू कधी मान वर करून पाहिलंस का? सागवानी खांब, त्यांवर तुळया, नाट, वर किलचण आणि मग माळवदाची पांढरी माती. चार खांब, चारही दगडी तळखड्यांवर, एकालाही कीड नाही. मी नखाने, मग किल्लीने टोचून पाहिलं. तुळईवर जुनं कोरीव काम आहे, त्यावर धूर बसलाय इतकंच. या लाकडाला आज स्वतंत्र भाव आहे. जुनं सागवान उतरवून नेणारे व्यापारी गावोगाव फिरतात आणि शहरात लोक तसले खांब हॉटेलांत लावतात. तुझ्या घरातला सगळ्यात महाग जिन्नस तो आहे, आणि तू दोन लाख खर्चून त्याच्यावर पांढरं प्लॅस्टर टांगणार होतास. निकामी भिंत झाकायची आणि अस्सल लाकूडही झाकायचं! कसला हिशेब आहे हा? मुनीमजींच्या घरात?

जुना जालन्यातल्या अशा घराचं गिऱ्हाईक बरेचदा मुळात जागेचंच असतं, हेही समजून घे. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पुढच्या वर्षी नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येकाला वाटतंय की भाव रातोरात चढणार. त्या घाईत तूही आहेस. पण जो माणूस हे माळवद पाडून दुमजली बांधणार आहे, तो दर्शनी बाजू किती फूट आहे ते मोजेल आणि सागवानाचे पैसे वजा-मिळवणीत धरेल. त्याच्यासाठी तू कुंड्या मांडणार?

सजावट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. संभाजीनगरात किंवा पुण्यात नवा, मोकळा फ्लॅट असेल, आत कुणी राहत नसेल, तर चार खुर्च्या आणि एक पलंग, पण पूर्ण मापाचा, मांडल्याने खोलीचा अंदाज येतो. त्यात खोटं काही नाही. तुझ्या घरात माणूस राहतंय. ते कसं राहतंय हे दिसलं तर गिऱ्हाइकाचा विश्वास वाढेल.

तेव्हा करायचं ते असं. मोरीचा पाइप आधी. मग भिंत खरवडून उघडी. मागच्या स्लॅबची गंजलेली सळई साफ करून नीट दुरुस्ती, नाहीतर जसा आहे तसा दाखवायचा आणि तेवढे पैसे कमी घ्यायचे. माळवदावर गवत उगवलंय ते काढून पावसाआधी माती चोपून घ्यायची. तुळयांवरचा धूर कोरड्या फडक्याने पुसून, जवसाचं तेल लावायचं. पोटमाळ्यावरचे गंजलेले डबे, मोडक्या खुर्च्या, तुझी सातवीपासूनची गाईडं भंगारात. खिडक्यांच्या काचा पुसायच्या, जळालेले बल्ब बदलायचे, पुढच्या खोलीला चुना. देवघर जागेवर राहील. वडिलांचा फोटो काढायचा की नाही हे आई ठरवेल. आईची खाट आई जिथे म्हणेल तिथे राहील. सगळं मिळून तुझ्या अंदाजपत्रकाच्या निम्मेही लागणार नाहीत.

गिऱ्हाइकापुढे बसताना एका कागदावर लिहून ठेव: ओल कुठे होती, काय केलं, स्लॅब किती सालचा, बोअर किती फूट, उन्हाळ्यात किती दिवस चालते. इसार पावतीला तो कागद जोड. खांब-तुळया घरासोबत जाणार की नाहीत, हेही त्याच पावतीत स्पष्ट लिही. यावरून नंतर भांडणं होतात.

आणि हे सगळं नंतरचं. येत्या रविवारी ताईला परतूरहून बोलावून घे, तिकिटाचे पैसे तू दे. तिघं ओसरीवर बसा. आईला विचार, घर विकायचं का, आणि विकलं तर ती कुठे राहणार. 'माझ्याकडे पुण्यात' एवढं उत्तर चालणार नाही. कुठली खोली, कुठला मजला, लिफ्ट बंद पडली तर काय, तिच्या गोळ्या कोण आणणार, सगळं सांग. ती नाही म्हणाली तर विषय संपला, मोरी दुरुस्त करून परत जा. हो म्हणाली तर सोमवारी सकाळी मृत्यू दाखला, खरेदीखताची नक्कल आणि तिघांची आधार कार्डं घेऊन माझ्याकडे ये. वारस नोंदीचा अर्ज मी माझ्यासमोर लिहून घेणार आहे, आणि अक्षर नीट काढ.