मार्गारेथाच्या नावाने मिस्सा

माझ्याकडे येणाऱ्या ऑर्डरी बहुतेक एकाच मुलीच्या असतात. मोत्याचं डूल घातलेली, मान वळवून पाहणारी व्हर्मीरची मुलगी. विरारच्या नव्या टॉवरांतल्या दिवाणखान्यांना ती शोभते. मागच्या पावसाळ्याआधी मात्र वसईतल्या एका वकिलांनी म्हातारी मागितली. रेम्ब्रांटची मार्गारेथा द गेर. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण १६६१ सालचं. डॉर्ड्रेख्ट गावच्या याकोब ट्रिप या लोखंडाच्या आणि शस्त्रांच्या व्यापाऱ्याची ही बायको. गळ्याभोवती चुण्याचुण्यांची मोठी पांढरी गळपट्टी, त्या काळातही जुनाट झालेली, आणि मुठीत रुमाल.

ती गळपट्टी पांढरी दिसते, पण नुसता टायटॅनियम व्हाइट लावला की कागदाची होते. त्यात रॉ अंबर लागतो, किंचित पिवळा लागतो, आणि चुणीच्या पोटात राखाडी. चेहऱ्याचं तर विचारू नका. डोळ्यांखालची कातडी आधी पातळ थरात, मग जाड रंगात, आणि त्या जाड रंगातच सुरकुती. वसईच्या पावसात जवसाचं तेल लवकर सुकत नाही, त्यामुळे दोन थरांमध्ये थांबावंच लागतं. म्हणून गिरीजच्या आमच्या घरात बाई पावसाळाभर हॉलमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या. आई तिथेच संध्याकाळी रोझरी म्हणते.

एके दिवशी तिने विचारलं, “ही बाय कोण रे? नाव काय तिचं? नोव्हेंबरात तिच्या नावाने मिस्सा ठेवू.”

मी म्हटलं, “आई, हे लोक रिफॉर्म्ड चर्चचे. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं त्यांना मान्यच नव्हतं.” १५६६ साली नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमध्ये घुसून संतांच्या मूर्ती आणि चित्रं फोडली, ते सांगितलं. पुढे डच चर्चच्या भिंती उघड्याच राहिल्या. चित्रकारांना काम मिळालं ते लोकांच्या घरांत: व्यापारी, त्यांच्या बायका, शिपाई, मोलकरणी.

आई म्हणाली, “ती मानत नसेल. आपण मानतो ना? आणि इतके दिवस घरात आहे ती.”

आहे का ती घरात? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. आमच्या धर्मात याचं उत्तर जुनं आहे. ७८७ साली नायसियाच्या परिषदेत ठरलं की प्रतिमेला दिलेला मान, ती ज्याची आहे त्याला पोहोचतो. पण तिथे जमलेल्या बिशपांपुढे प्रश्न होता तो प्रतिमेचा. माझी तर प्रतिमेची प्रतिमा. मी लंडनला गेलेलो नाही. म्हातारीपासून रेम्ब्रांटची नजर, तिच्यापासून त्याचा कॅनव्हास, मग छायाचित्र, मग माझा कॅनव्हास. एवढ्या हातांतून आईची प्रार्थना कुणापर्यंत जाणार?

मला वाटतं, जाते. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात गळ्याशी पोलादी चिलखतपट्टी घातलेल्या तरुण रेम्ब्रांटचं आत्मचित्र आहे. तेच अस्सल आणि न्यूरेंबर्गचं त्याची प्रत, असं कित्येक वर्षं मानलं जाई. मग इन्फ्रारेडने रंगाखालचं पाहिलं, तर हेगच्या चित्राखाली नक्कल करणारा आखून घेतो तशी जपून ओढलेली रेखाटनाची रेघ निघाली. आता न्यूरेंबर्गचं अस्सल ठरलं आहे आणि हेगचं त्याच्या कार्यशाळेतली प्रत. मग इतकी वर्षं हेगला उभं राहून ज्यांना त्या पोराची ऐट भावली, त्यांनी काय दुसऱ्या कुणाला पाहिलं? नाही. त्यांनी रेम्ब्रांटलाच पाहिलं, कारण प्रत करणाऱ्याने आधी त्याला नीट पाहिलं होतं. काहीतरी हरवतं, हे खरं, आणि ते थोडं नाही. त्याच्या ब्रशचा प्रत्येक फटकारा हा निर्णय आहे, माझा प्रत्येक फटकारा आज्ञापालन. पण माणूस हरवत नाही.

उलट उदाहरण आमच्याच गावचं. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर गेले. १८६२ साली ते संत झाले. त्यांना समोर बसवून काढलेलं चित्र आम्हा वसईकरांकडे नाही. तरी त्यांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना कुणाचा हात अडखळत नाही, आणि अडखळू नयेच. म्हणजे प्रार्थनेला चेहऱ्याचं साम्य लागत नाही. साम्य लागतं ते न्यायासाठी. मार्गारेथाची सुरकुती मार्गारेथाचीच हवी, कुठल्याही म्हातारीची चालणार नाही. “चेहरा जरा हसरा करा, सुरकुत्या कमी करा,” असं सांगणारी गिऱ्हाइकं येतात. त्यांना मी नाही म्हणतो. मेलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याला दुसरंच कुणी करून टाकू नये, हा माझ्या कामातला धर्म आहे.

रेम्ब्रांटची सही टाका म्हणणारेही भेटतात. ती मी टाकत नाही. प्रत करणं खोटेपणा नाही, सही खोटी असते. आपण देवाच्या प्रतिरूपात घडलो असं आम्ही मानतो. तरी म्हणून कुणी स्वतःला देव म्हणवून घेत नाही.

२ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, आईने चर्चमध्ये नाव दिलं. फादरनी काही न विचारता आमच्या आजीआजोबांच्या खाली ‘मार्गारेथा’ लिहून घेतलं. चित्र त्यानंतर वकिलांकडे गेलं. मागे काळ्या रंगात लिहून दिलं आहे: चेहरा मार्गारेथा द गेर यांचा, मूळ चित्र रेम्ब्रांटचं, प्रत माझी, वसई.

तुमच्या घरी अशी हाताने रंगवलेली प्रत असेल तर ती एकदा भिंतीवरून उतरवा आणि मागची बाजू पाहा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर ज्या दुकानातून आणली तिथे विचारा आणि मिळतील तेवढी नावं पेन्सिलने लिहून ठेवा. ज्याने रंगवली त्याचंही.