वीणेचा पहारा

॥ राम कृष्ण हरि ॥

मागल्या माघात एका गावी सप्ताहातले कीर्तन आटोपून मी देवळाच्या पारावर टेकलो होतो. एक तरुण आला, पाया पडला आणि समोर बसला. शहरात चांगल्या नोकरीवर असलेला, कपाळी बुक्का, हातात मोबाईल. म्हणाला, "महाराज, राग मानू नका. देवावर माझी श्रद्धा आहे. सकाळी अर्धा तास मी ध्यान करतो, कानात लावून अभंग ऐकतो. मला माझं मन शांत ठेवायचंय, एवढंच. मग ही दिंडी, हा सप्ताह, ही पंगत, एवढी गर्दी माझ्या काय कामाची? माझा देव आणि मी, पुरे नाही का?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच उणे वाटले. त्याचे राहिलेले उत्तर आज वाचक सज्जनांपुढे ठेवीत आहे.

प्रथम पूर्वपक्षाला न्याय दिला पाहिजे. एकांत आपल्या संप्रदायाला वर्ज्य नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी साधनेच्या निवांत स्थळाचे किती जिव्हाळ्याने वर्णन केले आहे! तुकोबाराय भंडाऱ्यावर जाऊन बसत. परंतु तेच तुकोबा डोंगर उतरून देहूत कीर्तनाला उभे राहत, हेही विसरता कामा नये. तेव्हा दोष एकांताला देता येत नाही. एकांतात आपण बरोबर कोणाला घेऊन जातो, हे मात्र पाहावे लागते. त्या मुलाच्या चार वाक्यांत 'मी', 'मला', 'माझे' किती वेळा आले ते मोजा. तो एकटा बसतो खरा, पण 'मी' त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो.

त्याला एकट्याला तरी काय बोल लावावा! आजच्या काळाने या 'मी'च्या पालनपोषणाची सोय घरोघर करून ठेवली आहे. यंत्रातला आरसा धन्याकडेच वळलेला. आपलेच चित्र काढायचे, आपणच ते जगाला दाखवायचे आणि किती जणांनी पाहिले ते घटकेघटकेला मोजायचे. अहो, लोकांचे कशाला सांगू? माझ्या एका कीर्तनाचे चित्रण नातवाने मोबाईलवर दाखवले, तेव्हा माझी नजर आधी गेली ती खाली लिहिलेल्या आकड्यावर! विठोबाचे नाव चालले होते, आणि हा साठी उलटलेला कीर्तनकार माणसे मोजीत होता.

लहानपणी पाठशाळेत आम्ही धातूंची रूपे घोकीत असू. गच्छति, गच्छसि, गच्छामि. संस्कृत व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे 'तो'. मध्यम पुरुष म्हणजे 'तू'. 'मी'चा क्रम सर्वांत शेवटी, आणि त्याला नाव उत्तम पुरुष. पुढे शाळेतले मराठी व्याकरण हाती आले, तर तेथे प्रथम पुरुष 'मी' होऊन बसलेला! व्याकरणकारांनी सोयीसाठी क्रम लावला असेल. त्यातून मोक्षशास्त्र काढावे असे मी म्हणत नाही. पण पुढच्या आयुष्यात मला पुन्हापुन्हा वाटले, की भक्तीचा क्रम जुना आहे. आधी तो, मग तू, आणि शेवटी मी. शेवटी आलेल्या 'मी'लाच उत्तम म्हणावे.

हे मला ग्रंथातून कळले असते तर किती बरे झाले असते! कळले ते फजितीतून. ती गोष्ट आजवर मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

मी तेव्हा तिशीत होतो. व्याकरण आणि थोडा न्याय शिकून नुकताच कीर्तनाला उभा राहू लागलो होतो. नीरेकाठच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. वाचकांना ठाऊकच आहे, की सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याची यादी लावलेली असते, आणि ज्याच्या गळ्यात वीणा त्याने बसायचे नाही. त्या गावी दोन-दोन तासांचा पहारा असे. माझा पहारा रात्री दोन ते चार. आदल्या पहाऱ्याला सत्तरीचे एक माळकरी शेतकरी होते.

दुसऱ्या रात्री माझे कीर्तन व्हायचे होते आणि विषय घेतला होता निरहंकारितेचा! यजमानांच्या माडीवर मी ग्रंथ पसरून बसलो होतो. घड्याळात दोन वाजलेले पाहिले. मनात आले, एवढा दृष्टांत बसवतो आणि मग जातो. उद्याचे कीर्तन माझ्याच्याने व्हायचे आहे; वीणा काय, कोणीही धरील. एका दृष्टांताचे दोन झाले. देवळात पोचलो तेव्हा काकड्याची माणसे जमू लागली होती.

म्हातारबाबा उभेच होते. जोडीचे टाळकरी खांबाला टेकून पेंगत होते. बाबा घटकेत एका पायावर, घटकेत दुसऱ्यावर भार देत होते. पण तोंडचे नाम आणि तारेवरचे बोट थांबले नव्हते. मी मनात सबब जुळवीत पुढे झालो. त्यांनी सबब मागितलीच नाही. वीणा माझ्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणे वाकून माझ्या पायांना हात लावला आणि विचारले, "महाराज, झाला का अभ्यास?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. वीणेची दांडी त्यांच्या अंगाने ऊबदार झाली होती, ती ऊब माझ्या छातीला लागली. पुढल्या रात्री निरहंकारितेवर कीर्तन झाले, लोकांनी वाखाणले. बाबा समोर मांडी घालून ऐकत होते. त्या रात्री त्यांचे नाव घेऊन ही गोष्ट सांगायला हवी होती. माझी जीभ उचलली नाही. बाबा आता नाहीत.

तात्पर्य काय? माझा 'मी' ग्रंथाच्या पानांत सुखाने वाढत होता; त्याला उत्तम खाद्य मिळत होते, कारण तो निरहंकारितेचाच अभ्यास करीत होता. त्याची खोड मोडली ती दुसऱ्याच्या दुखऱ्या पायांनी. मनाकडे पाहत बसल्याने मन शुद्ध होतेच असे नाही. आपल्या न येण्याने कोणाला तरी उभे राहावे लागते, हे कळले की डोळे उघडतात. समाज याचसाठी लागतो. एकट्याच्या ध्यानाला उशीर झाला तर कोणाचे पाय दुखत नाहीत, म्हणून त्यात आपली लबाडी उघडी पडत नाही.

माउलींच्या पालखीबरोबर जो चालला आहे त्याने मुक्कामाच्या तळावरची समाजआरती पाहिली असेल. सगळ्या दिंड्या गोलाने उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा जनसागर एकदम स्तब्ध होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिने टाळ वाजवीतच राहायचे. मग चोपदार तेथे जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवले, सापडले तेही तेथेच पुकारले जाते. त्यानंतर आरती. आधी गाऱ्हाणे, मग आरती, हा क्रम ध्यानात घ्या. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही, संतांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या. त्या दिवसांत घरी एकट्याने टाळ धरताना मला जाणवले, की माझी चाल सुटली तरी सावरणारे समोर कोणी नाही, आणि माझे गाऱ्हाणे ऐकायला चोपदारही नाही.

आता येथे कोणी शंका घेईल, "महाराज, समाजाचे गोडवे फार गाता, पण समाजालाही अहंकार असतो, त्याचे काय?" ही शंका खरी आहे, आणि ती झाकून ठेवणे पाप होईल. 'मी' पुसून त्या जागी 'आम्ही' लिहिले, एवढ्याने अहंकार जात नाही. कित्येकदा तो शंभरपट होतो. आमचा फड, आमची जात, आमचा मान! चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ज्यांचे अभंग आपण आत गातो, त्यांना हयातीत आत येऊ दिले नाही. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे दार उघडले. ज्या समाजाच्या मुखी अखंड नाम, त्यानेच ते दार इतकी शतके बंद ठेवले होते, हे प्रत्येक कीर्तनकाराने मान खाली घालून आठवावे.

म्हणून नुसता समाज पुरत नाही, श्रद्धा लागते. नुसत्या 'आम्ही'त माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि लहानमोठे ठरवीत बसतात. वारीत सगळ्यांची तोंडे एका दिशेला असतात. तेथे कटीवर कर ठेवून 'तो' उभा आहे, आणि तोच शेजारच्याच्या ठायी आहे असे धरून आपण त्याच्या पाया पडतो. 'तो' आधी आला की 'तू'ला मान मिळतो, आणि मग 'मी' आपल्या जागी, शेवटी, सुखाने उभा राहतो. श्रद्धेवाचून समाजाचा कळप होतो, आणि समाजावाचून श्रद्धेचा आरसा होतो. दोन्हींत माणूस अडकतो.

असो. त्या तरुणाला मी निरोप धाडला आहे. ध्यान सोडू नको. पण यंदाच्या सप्ताहात एक रात्र ये. पहाऱ्याच्या यादीत बारा ते दोन माझे नाव आहे. दोन ते चारची जागा मी मोकळी ठेवायला सांगितली आहे. तो येईल, न येईल. न आला तर मी चारपर्यंत उभा राहीन. एका रात्रीचे देणे माझ्याकडे निघतेच आहे.

॥ राम कृष्ण हरि ॥