सत्त्याहत्तर की ब्याऐंशी

आप्पा ६४ वर्षांचे, अक्का ६८ वर्षांच्या. सख्खे बहीणभाऊ, दोघंही सांगलीत. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना जुनी पेन्शन आहे आणि वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता. आप्पा सहकारी साखर कारखान्यात फिटर. २०१९ साली ५८ पूर्ण झाली आणि ‘ईपीएस-९५’ची पेन्शन सुरू झाली, महिना तीन हजारांच्या आसपास. आता ते कुपवाड एमआयडीसीत एका गोदामावर रात्रीचे वॉचमन आहेत. बारा तासांची ड्यूटी, अकरा हजार पगार. साखर कारखान्यातल्या माणसालाच शुगर व्हावी, यावरचे विनोद नातेवाइकांचे करून झालेत. मी ते टाळतो.

अक्का : रिपोर्ट बघितला मी. तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर गेलीय. डॉक्टर काय म्हणाले?

आप्पा : रात्रपाळी सोडा म्हणाले. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा.

अक्का : मग सोड की.

आप्पा : सोडतो. पण मग सत्त्याहत्तराव्या वर्षी काय खाऊ, ते सांग.

अक्का : सत्त्याहत्तर कुठून काढलंस?

आप्पा : वहीतून. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अठरा लाख आले. ते पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवलेत, ८.२ टक्क्यांनी. महिन्याला बारा हजार तीनशे पडतात. पेन्शन धरून पंधरा हजार तीनशे. आज त्यात घर चालतं. पण महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. पेन्शन मात्र आहे तिथंच, तिला भत्ता नाही. मग मुद्दल मोडायला लागायचं. व्याजदरही पुढं थोडे उतरतील असं धरलं, तर सत्त्याहत्तरला खातं रिकामं. सत्तरीपर्यंत वॉचमनकी केली आणि तो पगार सगळा शिल्लक टाकला, तर ब्याऐंशीला.

अक्का : म्हणजे सहा वर्षांच्या रात्री देऊन पाच वर्षं विकत घेणार. आणि या सहा वर्षांत साखरेनं डोळे नाहीतर किडनी गेली, तर ती पाच वर्षं कोण वापरणार?

आप्पा : लवकर गेलो तर खर्चही वाचतोच की.

हे आप्पा हसत म्हणाले. पण मला यात विनोदापेक्षा हिशेब जास्त दिसतो. निवृत्तीवरच्या भाषणांत तब्येत आणि पैसा यांची नेहमी जोडी लावतात. दोन्ही जपा, म्हातारपण सुखाचं. पैसा मोजका असेल तर ही दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध जातात. तब्येत जपली तर आयुष्य वाढतं, आणि वाढलेल्या आयुष्याची तरतूद कुणीच केलेली नसते. नव्वदीपर्यंत ठणठणीत राहणं, ही आप्पांच्या वहीत सगळ्यांत मोठी जोखीम आहे.

अक्का : असं कुणी बोलतं का? माणूस जगायचं म्हणून तब्येत सांभाळतो.

आप्पा : तू सांभाळतेस, कारण तू नव्वदीला गेलीस तरी एक तारखेला पैसे येणार. तुझं तत्त्वज्ञान महागाई भत्त्यावर चालतं, अक्का. तो सकाळचा ग्रुप, ते चालणं, मोड आलेली कडधान्यं. चांगलंच आहे. पण मीही चालतोच की. गोदामाला रात्रभर फेऱ्या असतात.

अक्का : फेऱ्या मारणं वेगळं आणि व्यायाम वेगळा. अर्ध्या झोपेत, पोट बिघडलेलं असताना फिरून कुणाची साखर उतरलीय? आठवड्याला दीडशे मिनिटं चाला म्हणतात, त्यात रात्री तीन वाजता गेटवर उभं राहणं धरत नाहीत. आणि पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायामही सांगतात, पडू नये म्हणून. तुला त्याला वेळ कधी मिळणार? दिवसा तर झोपलेला असतोस.

आप्पा : बरं. पण आणखी एक गंमत बघ. आजारी पडलो तर महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे. सत्तरी गाठली की आयुष्मानचं वेगळं मिळेल, पाच लाखांचं; २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ते लागू आहे. म्हणजे दवाखान्यात आडवा झालो की सरकार उभं. आडवं होऊ नये म्हणून रात्रीची झोप हवी, तिला कार्ड नाही. महिन्याच्या गोळ्या, साखर मोजायच्या पट्ट्या, चष्मा, दात, सगळं खिशातून.

अक्का इथे गप्प बसल्या. पुढचा मुद्दा त्यांनी बदलला, आणि माझ्या मते थोडा घाईनं.

अक्का : मुलगा आहे ना पुण्यात? त्याला सांग.

आप्पा : त्याचा हप्ता किती आहे माहीत आहे? आणि सांगायचं म्हणजे काय? कायदा आहे, २००७ चा. प्रांताकडे अर्ज केला की पोराकडून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते. करू अर्ज? तो चांगला आहे म्हणूनच सांगवत नाही. वाईट असता तर गेलो असतो.

अक्का : म्हणजे मान जपायला रात्र जागवतोयस.

आप्पा : मान म्हण. रात्री दहा वाजता डबा घेऊन बाहेर पडतो ना, तेव्हा मी कुणावर अवलंबून नसतो. पेन्शनवर तसं वाटत नाही. आमच्यात किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे, म्हणजे तीन हजारवाला मी श्रीमंतांत. पेन्शनवाल्यांच्या मोर्चात गेलो की लोक माझ्याकडे तसंच बघतात.

अक्का : वही आण.

आप्पा : कशाला?

अक्का : आण म्हणते ना.

शाळेत फळ्यावरची गणितं तपासणाऱ्या बाई होत्या त्या. वही बघायला दोनच मिनिटं लागली असतील.

अक्का : यात ब्याऐंशीला काय होतं?

आप्पा : खातं संपतं. तोवर मी असलो तर असलो.

अक्का : आणि वहिनी?

आप्पा : तिचं काय?

अक्का : ती साठीची आहे. तू ब्याऐंशीचा होशील तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची. तू आधी गेलास तर तुझी पेन्शन निम्मी होऊन तिला मिळणार. तीन हजारांचे दीड हजार. तेही आजचेच दीड हजार, वाढत नाहीत ते. तू साऱ्या वहीत एकच माणूस धरलायस आणि त्याचा मरणदिवसही स्वतःच ठरवलायस. लवकर गेलो तर खर्च वाचतो म्हणालास. कुणाचा?

आप्पा : म्हणून तर काम करतोय.

अक्का : नाही, तू काम करतोयस म्हणून तिचं काम वाढणार आहे. उद्या पाय सुन्न पडून तू गेटवर पडलास, तर उचलणार कोण? अंथरुणाला खिळलास, तर आयाबाई ठेवायला बारा-पंधरा हजार लागतात. तुझ्या पगारापेक्षा जास्त. ती बाई ठेवणार नाही. स्वतःच करत बसेल, आणि तिचंही कंबरडं मोडेल. तुझ्या अंगातली ताकद तुझ्या एकट्याची ठेव आहे असं समजून तू ती मोडून खातोयस. त्या खात्यावर दुसरं नाव आहे.

आप्पा बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. मला वाटतं, अक्कांनी गणित दुरुस्त केलं, सोडवलं नाही. नोकरी सोडली तर सत्त्याहत्तरचं संकट तसंच राहतं, आणि आता त्यात दोन माणसं आली. बायकोचा विचार केला तर नोकरी सोडायला हवी आणि करायलाही हवी. आधी निदान एक बाजू धरता येत होती.

आप्पा : बरोबर आहे तुझं. पण मग अकरा हजार कुठून आणू?

अक्का : दिवसपाळी माग. आठ तासांची असते ना?

आप्पा : सात हजार देतात.

अक्का : उरलेले चार मी देते.

आप्पा : तुझे पैसे मी घेणार नाही.

अक्का : का?

आप्पा : बहिणीकडून महिन्याला पैसे घ्यायचे?

अक्का : वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा निबंधकाच्या ऑफिसात तू शेजारीच बसला होतास. सातबाऱ्यावरनं माझं नाव निघालं. त्यातलं दीड एकर विकून हे घर झालं. ते बहिणीकडनंच घेतलं होतंस. एकदम घेतलं, म्हणून लाज वाटली नाही. महिन्याला घेतलं तर वाटते?

आप्पा : तेव्हा ती रीत होती.

अक्का : रीत तुझ्या सोयीची होती. आता माझ्या सोयीची करते.

या सहीचा विषय अक्कांनी तीस वर्षांत कधी काढला नव्हता. आता काढला तो भांडायला नव्हे, हे आप्पांनाही कळलं असावं. तरीही त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आप्पा : आणि तू माझ्याआधी गेलीस तर? चार वर्षांनी मोठी आहेस. तुझ्याबरोबर भत्ताही जाणार. मी तर त्याची सवय लावून बसलेला असणार.

अक्का : जाईन की. मग परत वही काढ.

आप्पा : तेव्हा मला वॉचमन म्हणूनही कुणी ठेवणार नाही.

अक्का : ते खरं आहे. पण डोळे शाबूत असले, तर वही वाचता तरी येईल. सुपरवायझरला कधी भेटतोस?

आप्पा : सोमवारी. दिवसपाळीचं विचारतो. चार हजारांचं अजून हो म्हटलेलं नाही मी.

अक्का : मी तरी कुठं विचारलंय? खाते क्रमांक वहिनीचा दे, तुझा नको.