अंगाखालची वाकळ

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या मजूर जोड्या, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथं मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. गावात मागं राहतात म्हातारी माणसं, बहुधा पत्र्याच्या घरात. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री तितक्याच लवकर गार पडतो.

मग घमेल्यात निखारे घेऊन दार लावलं जातं. घात होतो तो इथंच. धुरानं डोळे चुरचुरतात, माणूस उठून बसतो. पण धगधगत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तात तो प्राणवायूची जागा अडवतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही.

माझं मत विचाराल तर खोली तापवायच्या नादी लागूच नये, अंग राखावं. गारठा जमिनीतून वर येतो. खाली कोरडी पोती, त्यावर वाकळ. दोन वाकळा असतील तर एक अंगाखालीच हवी, हे पुष्कळांना पटत नाही! अंथरूण दुपारी उन्हात टाकावं. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावं. डोक्याला कानटोपी.

आणि कोपीत चूल आतच असेल तर? निजण्याआधी निखारे बाहेर न्यावेत, पाणी मारून पुरते विझवावेत, आणि वारा खेळेल एवढी फट उघडी ठेवावी.