पलटणीबाहेरची नोकरी

आजोबांचं एकही पत्र आजीच्या नावाने आलं नाही. ‘तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार’ अशी सुरुवात, मग पाऊसपाणी, बैलांची चौकशी, धाकट्या भावाचा अभ्यास आणि शेवटी ‘मुलांना आशीर्वाद’. शाळेत जाणारं एखादं पोर सोप्यात बसून ते मोठ्याने वाचायचं, आजी आत चुलीपाशी ऐकायची. साताऱ्याकडे मराठा पलटणीत माणूस असलेल्या पुष्कळ घरांत हीच रीत होती. पगाराची मनिऑर्डर सासऱ्यांच्या नावावर यायची. वर्षाकाठी दोन महिन्यांची रजा मिळे, तीही सुगी गाठून घेतलेली.

ती गेली तेव्हा चौकातल्या फ्लेक्सवर तिला ‘त्यागमूर्ती’ केलं होतं. मला ते रुचलं नाही. बाई घर चालवत होती, आणि ते चालवणं साधं नव्हतं. विहिरीला पाणी लागेना, तेव्हा आणखी खोल जायचं की थांबायचं, हे तिने ठरवलं. सोसायटीचं कर्ज, नणंदेचं बाळंतपण, सासऱ्यांचं अंथरुणाला खिळणं, मुलीला सातवीनंतर शाळेत ठेवायचं की नाही, असे निर्णय आधी व्हायचे आणि ‘५६ एपीओ’च्या पत्त्यावर मागाहून कळवले जायचे, तेही सासऱ्यांनी ठरवलं म्हणून. उत्तर यायला पंधरवडा लागे. आजारी म्हैस तेवढी थांबत नाही.

१९७१च्या डिसेंबरात मराठा पलटणी पूर्वेला जमालपूरला लढल्या, पश्चिमेला पंजाबातही लढल्या. आजोबा नेमके कुठे आहेत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत काय केलंस, असं विचारलं की आजी म्हणायची, “काय करणार? गव्हाला पाणी दिलं.” शेजारच्या वाडीत तार आली, आमच्याकडे आली नाही. जिच्या दारात तार आली ती वीरपत्नी झाली. तिचा मान तिला मिळालाच पाहिजे, किंबहुना तो अजूनही अपुराच मिळतो. पण जिचा नवरा परतला, तिने तितकीच वर्षं केलेल्या कामाची नोंद करायला आपल्याकडे जागाच नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. गावातून किती पुरुष लढाईवर गेले आणि त्यांतले किती मेले, एवढंच त्यांवर कोरलेलं असतं. त्यांच्यामागे शेत कोणी कसलं, हे साहेबाने विचारलं नाही, आणि पुढे आपणही नाही.

सरकारचे नियम याहून बोलके आहेत. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं तर पदकाबरोबरचा भत्ता बंद व्हायचा. दिराशी केलं तर मात्र चालू राहायचा. ही अट २०१७ साली गेली. म्हणजे तोवर भत्ता त्या बाईचा नव्हताच, तो सासरच्या घराचा होता. आमच्या आबांच्या नावाने येणाऱ्या मनिऑर्डरीमागेही हाच विचार होता.

आजोबा हवालदार होऊन चाळिशीच्या आत कायमचे घरी आले. गाव खूश झालं, पण आजीची खरी अडचण इथून सुरू झाली, हे कोणी बोलत नाही. पहाटे उठून ते गोठ्याची तपासणी करू लागले, मजुरांना दरडावू लागले. सातबारा त्यांचा, सोसायटीतली सही त्यांची. इतकी वर्षं ज्या कारभारावर तिची हुकमत होती, तो एका रजेतल्या पाहुण्याने ताब्यात घेतला. वर्षभर घरात धुसफूस होती म्हणे. शेवटी शेताचं ते आणि पैशाचं ती, अशी वाटणी झाली. त्यातही बँकेच्या पुस्तकावर नाव आजोबांचंच राहिलं.

ते गेल्यावर कमी झालेलं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावे सुरू झालं आणि दर नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला द्यायला जाऊ लागली. ती ते पैसे ‘यांचं पेन्शन’ म्हणायची. माझ्या मते ते तिचंही होतं, आणि उपकार म्हणून नव्हे. पलटणीने एका माणसाला पगार दिला आणि दोघांची नोकरी घेतली. पंधरा वर्षं कळ काढली की जन्मभराची भाकर, हा त्या व्यवहारातला न लिहिलेला करार होता.

२०२२च्या अग्निपथ योजनेने तो करार मोडला. चार वर्षं नोकरी, मग चारातला एक फार तर कायम; बाकीच्यांना एकरकमी पैसे आणि पेन्शन नाही. आता सोयरीक जमवताना मुलीकडचे ‘चार वर्षांनी काय?’ असं तोंडावर विचारतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बापांना तो अपमान वाटतो. मला तो प्रश्न रास्त वाटतो, फक्त तो मुलीनेच विचारायला हवा. आजीचं लग्न तर पलटणीतल्याच एका मध्यस्थाने दोन्ही बापांशी बोलून, रजा संपायच्या आत उरकून टाकलं होतं.