शांततेचें देणें

शांतता ही मनुष्याची खाजगी मालमत्ता मानावी काय, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. ज्याला आपल्या खोलींत निवांतपणा हवा आहे, त्यानें भिंतींस कांहीं लावून आपली सोय करून घेतली, तर त्यांत नीतीचा संबंध कोठें आला, असें कोणीही विचारील.

ध्वनिशास्त्राचा एक भेद येथें उद्बोधक आहे. ध्वनि शोषणें वेगळें आणि ध्वनि अडविणें वेगळें. काथ्या, लोकर, ताग यांच्या सच्छिद्र थरांत ध्वनिलहरी शिरल्या म्हणजे तेथील हवेच्या घर्षणानें त्यांची शक्ति उष्णतेंत रूपांतर पावते व खोलींतील घुमारा ओसरतो. शेजारचा गोंगाट अडविण्यास मात्र हे हलके तंतु पुरे पडत नाहींत. तेथें मातीच्या जाड भिंतीचा जडपणाच हवा.

१८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तो दोष घालविण्याचें काम वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाकडे आलें. त्यानें रात्रीच्या वेळीं जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील गाद्या आणून मांडल्या व घुमारा किती घटतो तें मोजिलें. शोषणाचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी घेतली. कारण तींतून गेलेला ध्वनि परत येत नाहीं. शास्त्रदृष्ट्या हें माप योग्यच आहे. परंतु खिडकीबाहेर गेलेला आवाज नाहींसा होत नाहीं. तो शेजाऱ्याच्या अंगणांत जातो. आपली पुष्कळशी शांतता अशीच उघड्या खिडकीची असते.

साहित्यासही हाच न्याय लागूं पडतो. विसाव्या शतकांत घुमारा मारण्यासाठीं छतांवर अ‍ॅस्बेस्टॉस फवारीत असत. श्रोत्यांस शांतता लाभली. त्याचे घातक तंतु मात्र फवारणाऱ्या आणि पुढें तो खरवडून काढणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत गेले. काथ्यास ओल बाधते, आगीचें भय असतें, कालांतरानें तो बदलावाही लागतो. कोणी यास उणेपणा म्हणतील. आम्हांस त्यांत प्रामाणिकपणा दिसतो: त्याची निगा वापरणाराच करतो, आणि रासायनिक लेप दिलेला नसेल तर शेवटीं त्याची मातीच होते.

निवासी भागांत रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे. पण नियम आवाजाचें मोजमाप करतो. आपल्या निवांतपणाची किंमत कोण देतो, हें ज्याचें त्यानेंच पाहिलें पाहिजे. ती दुसऱ्याच्या माथीं पडत असेल, तर अशा शांततेस स्वतःची म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें आमचें मत आहे.